पिलेगाचं रान

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, ओढा ओलांडला की पाच-सहा एकरांचा एक मुरमाड तुकडा आहे. सातबाऱ्यावर त्याला नुसता गट नंबर आहे. पण सत्तरीच्या पुढची माणसं अजून त्याला 'पिलेगाचं रान' म्हणतात. "बैल कुठं बांधलेत?" "पिलेगाच्या रानात." लहानपणी मला वाटायचं पिलेग हा कुणी माणूस असेल, पाटील-देशमुखांपैकी. पुढं कळलं, तो प्लेग.

परवा त्या रानात प्लॉटिंगचे दगड रोवलेले पाहिले. पांढरा चुना, लाल आकडे. बातमी म्हणून त्यात काही नाही, तालुक्यात रोज चार ठिकाणी असे दगड पडतात. पण त्या रानाबद्दल मला जे ठाऊक आहे ते कुठंतरी लिहून ठेवावं असं वाटलं. पेपरात एवढी जागा मिळत नाही, म्हणून इथे. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

माझी आजी त्या रानात एक हिवाळा राहिली होती. तिला साल माहीत नव्हतं. "मी आठ-नऊ वर्साची असंन, निजामाचं राज हुतं," एवढंच. एक दिवस कुणाच्या तरी माळवदावरून उंदीर खाली पडला. मांजरीनं मारलेला नव्हता. आपला आपण झिंगत आला, गोल फिरला आणि मेला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. तिसऱ्या दिवशी गाव उठलं. दवंडी नाही, हुकूम नाही. बाया जात्यावरचं दळण अर्धं टाकून उठल्या असं ती सांगायची. संध्याकाळपर्यंत गाड्या भरून लोक ओढ्यापलीकडे गेले आणि आठवड्याच्या आत तिथे खोपींचं दुसरं गाव उभं राहिलं.

आता जरा मागे जाऊ.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी काही रोग्यांच्या जांघेतल्या गाठी पाहिल्या आणि हा ब्युबॉनिक प्लेग आहे असं सांगितलं. आधी कुणी मानायला तयार नव्हतं. बंदराचा धंदा बुडेल ही भीती. मग व्हायचं ते झालं. पुढच्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास मुंबई रिकामी झाली. गिरणीतली माणसं गावाकडे पळाली आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर रोगही गावोगाव गेला. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारनं साथरोग कायदा केला. जेमतेम चार कलमांचा कायदा, पण त्यात सरकारला कुणाच्याही घरात घुसायचा, कुणालाही वेगळं ठेवायचा अधिकार होता. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात जो कायदा लावला तो हाच. १२३ वर्षांचा म्हातारा.

पुण्यातलं पुढचं आपण सगळे शाळेत शिकलो. रँडची प्लेग कमिटी, घराघरांत घुसणारे गोरे सोजीर, चौकात बायाबापड्यांची तपासणी, रस्त्यावर जाळलेलं सामान, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड नावाच्या आजारी पोराला त्यांनी उचलून हडपसरजवळ, मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात नेलं. पोरगा वाचला, सावित्रीबाईंना प्लेग झाला.

हे सगळं शिकलो. पण या इतिहासातली एक गोष्ट पुस्तकात आली नाही, कारण ती करणाऱ्यांचं नाव कुठं लिहिलेलं नाही. लस घरोघरी पोहोचायच्या आधी आणि डीडीटी यायच्या कितीतरी आधी प्लेगवर सगळ्यात चाललेला उपाय कुठला असेल तर तो गाव सोडून रानात खोप बांधून राहणं. हा उपाय लोकांना येत होता, कारण खोप बांधायला येत होती.

आजीनं सांगितलेली आणि पुढं मी स्वतः पाहिलेली खोप अशी. जागा आधी बघायची. ओढ्याच्या काठाला नाही, उंचवट्यावर, मुरमाड. काळ्या रानात उंदराची बिळं आणि भेगा, मुरमात त्या मानानं कमी. झाडाखाली बांधायची नाही, म्हणजे ऊन मिळतं. मग मेढी. मेढ म्हणजे वर दुबेळकं असलेला बाभळीचा नाहीतर लिंबाचा सोट. दोन उंच मेढी मधे, चार बुटक्या चार कोपऱ्यांना. हातभर खड्डा, त्यात मेढ उभी करून भोवती दगड आणि मुरूम ठासायचा. उंच मेढींच्या दुबेळक्यात आडं ठेवायचं. आड्यावरून दोन्हीकडे वासे सोडायचे. वाशांवर आडव्या तुराट्या, साधारण वीत-वीत अंतरानं. बांधायला अंबाडीचा वाख किंवा घायपाताची दोरी. वाख भिजवून बांधायचा, वाळला की आवळतो. अख्ख्या खोपीत खिळा एक नाही.

छप्पर शाकारायला ज्याच्याकडे जे असेल ते: पाचट, गवत, कडबा. (कडबा वापरला की म्हातारे शिव्या द्यायचे, जनावरांच्या तोंडचा घास छपरावर घालतो म्हणून.) शाकारणी खालून वर. पहिला थर वळचणीला, दुसरा त्याच्यावर निम्मा चढवून, असं करत आड्यापर्यंत. वरून सुरुवात केली तर प्रत्येक थराच्या सांध्यातून पाणी आत येतं. शेवटी आड्यावर दोन्ही बाजूंना मोडून पेंढ्या टाकायच्या आणि वरून फोक दाबून बांधायचे, म्हणजे वारा उचलत नाही. भिंत म्हणजे कूड. तुराट्या उभ्या रोवायच्या, आडव्या काड्यांनी गुंफायच्या आणि आतून शेणमातीनं लिंपायच्या. पिलेगाच्या खोपीला लिंपण फक्त कमरेइतकं असायचं, आजी सांगायची. वरचा कूड मोकळा. हवा खेळायची आणि लेकरं थंडीनं कुडकुडायची. दोन गडी, दोन बाया आणि सामान गोळा असलं तर एका दिवसात खोप उभी.

आणि एक नियम होता, तो आजी बोट उगारून सांगायची. खोपीत धान्य ठेवायचं नाही. दोन दिवसांचं पीठ तेवढं आत. बाकी पोती लांब, उघड्यावर, दगडांच्या थरावर.

तिला पिसवा आणि उंदराचं शास्त्र माहीत नव्हतं. ते शास्त्र असं आहे. प्लेग मुळात उंदराचा रोग. उंदराच्या अंगावरची पिसू तो पसरवते. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. घरात उंदीर उरले नसतील तर माणूस. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ मध्ये कराचीत हे दाखवलं आणि बाकीच्या शास्त्रज्ञांनी त्याला कितीतरी वर्षं मोडीत काढलं. १९०५ नंतर मुंबईत परळला प्रयोग झाले, तेव्हा कुठं ते सरकारदरबारी मान्य झालं. तोपर्यंत सरकारचा भर माणूस माणसापासून वेगळा करण्यावर, घरं फिनाईल-कार्बोलिकनं धुण्यावर, कौलं काढून ऊन आत सोडण्यावर होता. गावातला अडाणी माणूस मात्र उंदीर पडला की लगेच घर सोडत होता. कारण चुकीचं सांगत असेल, मरीआईचा कोप म्हणत असेल, पण वेळ बरोबर साधत होता. माणसाला गाठ येण्याच्या आधी उंदीर मरतो, म्हणजे मधे काही दिवस मिळतात. त्या दिवसांत जो रानात गेला तो बहुतेक वाचला. मागं राहिलेल्या पिसवा रिकाम्या घरात उपाशी मेल्या. आणि दख्खनच्या उन्हाळ्याची कोरडी धग त्यांना सोसत नाही. म्हणून प्लेग हिवाळ्यात चढायचा आणि उन्हं तापली की उतरायचा. लोक पाडव्याच्या सुमारास परत गावात.

आता मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. सरकारनेही माणसं गावाबाहेर काढलीच होती. छावण्या उभारल्या, त्यासुद्धा बांबू-तट्ट्यांच्याच. मग एकीकडे दगडफेक आणि दुसरीकडे लोक आपणहून रानात, असं का? मार्च १८९८ मध्ये मुंबईत विणकरांच्या वस्तीतून एका आजारी मुलीला न्यायला पथक आलं आणि दंगल पेटली. फरक छपराचा नव्हताच. छावणीत तुम्हाला कुणीतरी नेतं. खोपीत तुम्ही जाता. छावणीत नवरा एकीकडे, बायको एकीकडे, तिकडं मेलं तर तोंड बघायला मिळेल का नाही ठाऊक नाही. खोपीत जनावरं शेजारी, लेकरं शेजारी, चुलीवर आपलं पीठ. पुढं पुढं सरकारलाही हे उमगलं. सक्तीच्या झडत्या मागे पडल्या, टोचून घेणं आणि आपणहून गाव सोडणं यावर भर आला. वॉल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्येच मुंबईत लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती, पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागला. खोपीवर विश्वास ठेवायला कुणाला सांगावं लागलं नाही.

पण यावरून 'आपले पूर्वज किती शहाणे' अशी पोस्ट कुणी कृपा करून बनवू नका. आजीच्याच तोंडून ऐकलेलं पुढचं सांगतो. पिलेगाच्या रानात खोपी सरसकट नव्हत्या. वरच्या बाजूला वाऱ्याच्या तोंडावर पाटलांच्या, मग माळी-मराठ्यांच्या. ओढ्याच्या खालच्या अंगाला, पाणी जिथं सगळ्यांचं वापरून येतं तिथं महारा-मांगांच्या. गाव उठलं पण गावाचा नकाशा जसाच्या तसा रानात जाऊन बसला. आणि रिकाम्या गावात चोऱ्या होऊ नयेत म्हणून राखणीला कोण, तर तेच खालच्या अंगाचे लोक. ज्या गावातून सगळे जीव वाचवायला पळाले त्या गावात रात्रभर गस्त घालायची. त्यांच्यातले किती गेले विचारलं तर आजी म्हणायची, "त्येंचं कोण मोजतंय?" सगळ्या हिंदुस्थानात पंचवीसेक वर्षांत या रोगानं कोटभर माणसं गेली असं मानतात. त्या कोटीत गस्तवाले धरले आहेत का, कोण जाणे.

रोजंदारीवाल्याचीही गोष्ट तीच. ज्याच्याकडे रान नाही त्यानं खोप कुणाच्या बांधावर घालायची? मेढी कुणाच्या बाभळीच्या तोडायच्या?

मी हा विषय शोधायला लागलो तो १९९४ मुळे. मी तेव्हा शाळेत होतो. आधीच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं आपल्याच घराखाली गेली. आपल्याकडचं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, पण हलायला लागलं की थडगं. ज्याच्याकडे माळवद बांधायची ऐपत नव्हती, जो छपरात राहत होता, त्याच्या अंगावर पडून पडून काय पडणार? तुराट्या. त्यानंतर कितीतरी महिने आमच्याकडेसुद्धा लोक घरात झोपत नव्हते. अंगणात, खळ्यावर, रानात छपरं घातली. मी स्वतः बापाला मेढ ठासताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खोप कशी बांधतात हे मला माहीत आहे ते त्या हिवाळ्यामुळे.

आणि वर्ष होतंय न होतंय तोवर, ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवा वाढल्या, मग उंदीर पडायला लागले, मग माणसांना गाठी. जो रोग इतिहासजमा झाला असं सगळे धरून चालले होते तो आमच्या जिल्ह्यात उगवला. भूकंपाच्या भीतीनं लोकांनी घरं सोडली, साठवलेलं धान्य आतच राहिलं, उंदीर माजले, असं तज्ज्ञांनी तेव्हा मांडलं. पुढच्या महिन्यात सुरत. तिथून लाखो लोक पळाले, गोळ्या मिळेनाशा झाल्या, परदेशांनी आपली विमानं अडवली. त्या दिवसांत गावात टीव्हीसमोर बसलेल्या आजीनं एकच प्रश्न विचारला, "धान्य संगं नेलं का त्येंनी?" आम्ही हसलो. वय झालंय म्हणून. आता हसू येत नाही.

मग एप्रिल २०२०. ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकले होते. सरकारनं १७ एप्रिलला त्यांना परत आणायचा निर्णय घेतला. लाखाहून जास्त माणसं, त्यातली मोठी संख्या आमच्या जिल्ह्यातली. गावोगाव वेशीवर काट्या टाकलेल्या. आमच्या गावातही. शाळेत ठेवायचं ठरलं होतं, पण शाळेशेजारच्या घरांनी गलका केला. शेवटी एका टोळीला पिलेगाच्या रानात राहायला सांगितलं. ते नाव आठवून कुणी सांगितलं नसणार. गावाबाहेरची मोकळी जागा तीच होती, एवढंच.

मी फोटो काढायला गेलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. दुपारी तीनला आठ कोप्या उभ्या होत्या. आपल्याकडे खोप आणि ऊसतोडीत कोपी, शब्द तेवढा बदलतो. बांबू फाकून कमानीसारखे वाकवलेले, त्यावर ट्रॉलीतून सोबत आणलेलं पाचट, वरून ताडपत्रीचा तुकडा. मेढ-आढ्याचा खटाटोप नाही, कारण दर हंगामाला बांधायची आणि मोडायची. मी एका कोपीचा फोटो घेतला आणि मनात मथळा तयार केला, 'ऊसतोड मजुरांची दुर्दशा'. तिथल्या गड्यानं विचारलं, "काय लिवणार दादा?" मी सांगितलं. तो चक्क दुखावला. "दुर्दशा कशाची? कोपी बघा की आत येऊन. पाण्याचा थेंब येणार न्हाई. शाळंतल्या फरशीपरीस बरी हाय." मी वाकून आत गेलो. खरंच बरी होती. गार होती. वरचं पाचट सारखं दाबलेलं, चूल दारापासून दूर, कारण पाचटाला ठिणगी पुरते.

मी बाहेर येऊन म्हटलं, बरं, दुर्दशा लिहीत नाही. तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "लिवा की. कोपीचं नका लिवू. आंगुळीला आडुसा न्हाई ते लिवा. पाणी दोन दिस झालं आलं न्हाई ते लिवा. कोपी आमी बांधली, पाणी तुमी द्यायचं हुतं."

मी ते लिहिलं. दोनशे शब्दांची बातमी होती, छापून आली साठ शब्दांची, आणि फोटो कोपीचाच. मथळा कुणीतरी वर बसून दिला होता. तुम्ही ओळखला असेल.

त्या बाईचं वाक्य मला १८९७ च्या सगळ्या कागदांपेक्षा जास्त नेमकं वाटतं. साथ आली की गरीब माणूस स्वतःचं छप्पर स्वतः उभं करतो, हे सव्वाशे वर्षं चाललंय. त्याला मेढ कळते, वारा कळतो. प्रश्न छपराच्या बाहेर सुरू होतो: पाणी, संडास, आडोसा, बुडालेली मजुरी, गस्तीला जाणाऱ्याचा जीव. तिथे दरवेळी सगळं अडतं आणि आपण दरवेळी फोटो छपराचा काढतो. मीही काढला.

ऊसतोडीच्या कोपीवर तर वेगळं लिहायला हवं. चौदा दिवसांसाठी स्वतः निवडलेली खोप आणि आयुष्यभर दर वर्षी पाच-सहा महिन्यांची कोपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. सहकाराच्या या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत शिक्षणसंस्था, दवाखाने, दूध संघ सगळं झालं आणि तोडणीवाल्याचं घर पाचटाचं राहिलं. ज्याच्या पाचटावर साखर उभी आहे त्याला झोपायलाही पाचटच. एवढंच म्हणून हा विषय सध्या सोडतो, नाहीतर पोस्ट संपायची नाही.

परवा प्लॉटिंगच्या दगडांपाशी उभा होतो तेव्हा गावातले एक आबा शेळ्या घेऊन आले. ऐंशीच्या आसपास असतील. त्यांना विचारलं, उद्या परत गाव उठायची पाळी आली तर जायचं कुठं? त्यांनी चारी बाजूंनी काठी फिरवली. गायरानावर घरं झाली, ओढ्याकाठच्या बाभळी तुटल्या, तुराटी यंत्रानं जागेवर भुगा होते, अंबाडी कुणी पेरत नाही. "मेढी कशाच्या रवायच्या? ह्या दगडाच्या?" म्हणून त्यांनी एका सीमादगडावर काठी आपटली. मग म्हणाले, दोन नंबरच्या प्लॉटचा भाव काय निघाला ते तेवढं कळव, नातू विचारत होता.

चौकशी केली. एक गुंठा, रोडटच, सव्वा दोन लाख.